सतरंजीवर कोण बसतं?

ग्रामसभेला फार तर शंभर माणसं लागतात. गावच्या मतदारयादीतले पंधरा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा लहान तेवढी हजेरी भरली की गणपूर्ती झाली असं कायदा म्हणतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी महाराष्ट्रभर शाळेच्या पटांगणात, समाजमंदिरात, देवळाच्या ओट्यावर सतरंज्या अंथरल्या जातात. ग्रामसेवक मागचं इतिवृत्त वाचतो, पुढच्या रांगेतली माणसं बोलतात, मागची ऐकतात किंवा उठून जातात. लोकशाहीचं हे सगळ्यात लहान आणि सगळ्यात जवळचं रूप आहे.

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागलं की नदीनाक्यावर कामवारी नदी ओलांडावी लागते, आणि पलीकडे शेलार लागतं. नकाशावर पाहणाऱ्याला ते भिवंडी शहराचंच एक टोक वाटेल. कागदावर मात्र ते महापालिकेत नाही, तिथे ग्रामपंचायत आहे. आगरी-कुणबी वस्तीच्या या पट्ट्यात भातशेतीच्या जागी यंत्रमागांच्या शेड उभ्या राहिल्या. शेडच्या दारात उभं राहिलात तर शेजारच्या माणसाशीही खुणांनी बोलावं लागतं. धोटा इकडून तिकडे फेकला जातो त्याचा ठोका, आणि असे कितीतरी माग एकाच वेळी. त्यात एक माणूस चार-सहा माग सांभाळत बारा तास उभा असतो. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तेलंगणातून आलेला. पैसे मीटरवर, म्हणजे वीज गेली की कमाईही गेली.

हा माणूस ग्रामसभेच्या सतरंजीवर नसतो. ग्रामसभा म्हणजे मतदारयादीत नाव असलेल्यांची सभा, आणि त्याचं नाव गोरखपूरच्या किंवा गंजमच्या यादीत. तो पितो ते पाणी, तो तुडवतो ती गटारं, तो श्वासात घेतो ती कापसाची पूड, यांवर बोलण्याचा हक्क ज्या सभेत आहे तिच्या दृष्टीने तो माणूस गावात राहतच नाही. भिवंडी तालुक्यातल्या सामाजिक न्यायाच्या चळवळींकडे मी या एका प्रश्नातून पाहतो: जिथे निर्णय होतो त्या सतरंजीवर कोण बसलं आहे, आणि कोणाला बसायला कोणी जागा करून दिली?

या प्रश्नाचं सगळ्यात धाडसी उत्तर याच भिवंडीने दिलं होतं. त्याआधी शहराने फार मोठी किंमत मोजली.

७ मे १९७० रोजी, तिथीप्रमाणे शिवजयंती होती. मिरवणूक निघाली, दगड आले, आणि संध्याकाळपर्यंत शहर पेटलं. आग शहरापुरती राहिली नाही; आसपासच्या गावांतही पोचली आणि दुसऱ्या दिवशी जळगावातही. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या दंगलींची चौकशी केली. तो अहवाल आजही वाचावा असा आहे. दंगल आभाळातून पडत नाही, महिनोन् महिने तिची मशागत होते, हे त्यात तारखा आणि पत्रकांसह दाखवलं आहे. तरी चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, पुन्हा तेच. भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून २७८ माणसं गेली. भिवंडीचं नाव घेतलं की महाराष्ट्राला कापड आठवायच्या आधी दंगल आठवू लागली.

या दोन्ही वेळी शांतता समित्या नव्हत्या असं नाही. सणासुदीच्या तोंडावर पोलीस ठाण्यात प्रतिष्ठितांना बोलवायचं, चहा द्यायचा, भाषणं करायची, एकोप्याचं आवाहन करून फोटो काढायचा, हा शिरस्ता आपल्याकडे जुना आहे. अडचण अशी की या समित्यांवर बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं पुढारीपण त्या दुफळीवरच उभं असतं. आणि ज्या गल्लीत पहिला दगड पडतो त्या गल्लीत ते राहत नाहीत.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी १९८४ च्या दंगलीचा अभ्यास केला आणि शांतता समितीची कल्पना मुळापासून उलटी केली. शहरात साधारण सत्तर मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीत पन्नासेक माणसं, हिंदू आणि मुसलमान निम्मे निम्मे. पुढाऱ्यांना मुद्दाम बाजूला ठेवून मागवाले, भाजीवाले, रिक्षावाले, दुकानदार, शिक्षक अशी माणसं घेतली. समितीची जबाबदारी साहेबावर न टाकता त्या भागातल्या बीटच्या पोलिसावर टाकली. खोपडेंच्या प्रयोगातली ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हवालदाराला आपल्याकडे फक्त बंदोबस्ताला उभं करतात. इथे त्याला सभेचा यजमान केलं. ज्या मोहल्ल्यात तो काठी घेऊन जायचा तिथे वही घेऊन जाऊ लागला.

बैठकीत काय बोलायचं? धर्मावर प्रवचन कोणी दिलं नाही. नळावरची रांग, तुंबलेलं गटार, भाडेकरू जागा सोडत नाही, दोन पोरांची मारामारी, रस्त्यात लावलेला हातगाडा, असे विषय. १९७० च्या दंगलीवरचा मादन अहवाल आणि १९८४ चा अनुभव एकत्र ठेवला की यामागचं शहाणपण दिसतं. दंगल पेटते ती बहुतेकदा अशाच एखाद्या किरकोळ भांडणाला धर्माचं नाव चिकटवून. भांडण दोन शेजाऱ्यांचं म्हणून सोडवलं तर ते दोन शेजाऱ्यांचंच राहतं. आणि वीस बैठका नळावर बोललेली दोन माणसं एकविसाव्या वेळी अफवेवर बोलू शकतात. तोवर एकाला दुसऱ्याचं घर ठाऊक असतं, बायकोचं आजारपण ठाऊक असतं, मुलगी कुठल्या वर्गात आहे तेही ठाऊक असतं.

इथे थोडं पंचांगाकडे वळतो. भिवंडीच्या सार्वजनिक जीवनात पंचांगाला केवढं वजन आहे हे बाहेरच्या वाचकाच्या लक्षात येत नाही.

हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं. सूर्याच्या वर्षापेक्षा ते अकरा दिवसांनी लहान, म्हणून मुसलमानांचे सण दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतात. आपले महिनेही चांद्रच, पण अधूनमधून अधिक महिना टाकून आपण ते ऋतूंशी जुळवून घेतो. परिणाम असा की साधारण तेहतीस वर्षांनी रबी-उल-अव्वल फिरून भाद्रपदावर येतो. आणि तो आला की ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी शेजारी शेजारी येणारच. मुस्लिम महिना चंद्राची कोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणजे शुद्ध द्वितीयेच्या सुमारास. तिथून बाराव्या दिवशी मोजा, त्रयोदशी-चतुर्दशीच येते. म्हणजे एकाच संध्याकाळी, त्याच अरुंद रस्त्यावरून, एका बाजूने गणपती विसर्जनाला निघणार आणि दुसऱ्या बाजूने ईदचा जुलूस.

२०२३ मध्ये २८ सप्टेंबरला हे दोन्ही दिवस एकत्र आले. २०२४ मध्ये १६ आणि १७ सप्टेंबर, २०२५ मध्ये ५ आणि ६ सप्टेंबर असे लागून आले. तिन्ही वर्षी मुंबईत मुस्लिम संघटनांनी ईदचा जुलूस पुढे ढकलला आणि सरकारने सुट्टीही त्याप्रमाणे हलवली. एका समाजाने आपल्या मोठ्या दिवसाची मिरवणूक दुसऱ्यासाठी मागे घेणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! आपल्या वर्तमानपत्रांनी ती सुट्टीची तारीख बदलल्याच्या चौकटीत उरकली.

आता तेहतीस वर्षं मागे जा. १९९१ आणि १९९२. त्या दोन्ही सप्टेंबरांत अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद अशाच एकमेकांना खेटून होत्या. अयोध्येच्या प्रश्नाने देश तापलेला, दंगलीचा इतिहास असलेलं शहर, आणि मोहल्ला समित्या अवघ्या तीन-चार वर्षांच्या. मिरवणुकीचा मार्ग, वेळ, मशिदीपुढे वाजंत्री, नमाजाची वेळ, गुलाल कुठवर उधळायचा, हे सारं आधी बसून ठरवावं लागणारे ते दिवस. दुसऱ्या सप्टेंबरानंतर तीन महिन्यांनी ६ डिसेंबर आला आणि बाबरी मशीद पाडली गेली.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसं मारली गेली. हा आकडा श्रीकृष्ण आयोगाचा. भिवंडी शांत राहिली. खोपडेंची तोवर बदली झाली होती, गुलाबराव पोळ उपायुक्त होते. म्हणजे घडवणारा अधिकारी गेल्यावरही घडवलेली गोष्ट टिकली, निदान त्या दोन महिन्यांपुरती तरी. मुंबई का जळाली आणि भिवंडी का जळाली नाही, या प्रश्नावर खोपडेंनी पुढे पुस्तकही लिहिलं. आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या दंगलग्रस्त आणि शांत शहरांची तुलना करताना भिवंडीच्या समित्यांची दखल घेतली. मुंबईने धडा घेतला तो जळाल्यानंतर: १९९४ मध्ये पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला कमिटीची चळवळ सुरू झाली.

सगळं श्रेय समित्यांना देणंही बरोबर होणार नाही. भिवंडीच्या धंद्यात सूत एकाचं, सायझिंग दुसऱ्याचं, माग तिसऱ्याचा आणि कापड उचलणारा व्यापारी चौथा. शहर बंद पडलं की पोट सगळ्यांचंच बंद पडतं, हे १९८४ नंतर लोकांनी भोगलेलं होतं. पण नुकसान १९७० मध्येही झालं होतं, त्याने १९८४ थांबलं नाही. भोगलेलं एकमेकांना सांगायला जागा लागते. ती जागा समित्यांनी दिली.

आणि ती जागा झिजतेही. जुलै २००६ मध्ये क्वार्टर गेटजवळ कब्रस्तानाशेजारी पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले, आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांना ठार केलं. भांडण या वेळी दोन समाजांचं नव्हतं, एक समाज आणि पोलीस यांचं होतं. म्हणजे ज्या दोघांनी मोहल्ल्याची बैठक सजवायची त्यांचंच. समिती पोलिसांच्या यजमानपदावर चालत असेल तर यजमानाविरुद्धची तक्रार कुठे मांडायची? खोपडेंच्या प्रयोगात हा प्रश्न अनुत्तरित राहिला असं माझं मत आहे.

या प्रश्नाचं उत्तर शहरात नाही, तालुक्याच्या रानात आहे. शेलार सोडून वाड्याच्या रस्त्याने पुढे गेलं की अंबाडीपासून वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे आणि उसगावकडे रस्ते फुटतात. वीटभट्ट्या, भाताची खाचरं आणि कातकरी वाड्या. इथे पोलिसाने किंवा तहसीलदाराने सतरंजी अंथरायची वाट कोणी पाहिली नाही.

जुन्या ठाणे जिल्ह्यात वेठबिगाराला 'लग्नगडी' हा शब्द होता. ऐकायला किती गोड! अर्थ असा: लग्नाला जमीनदाराकडून पैसे घेतलेला आदिवासी ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचा, आणि त्याच्याबरोबर त्याची नवी नवरीही. व्याज तोंडी, हिशेब मालकाच्या वहीत, म्हणून ते कधी फिटत नसे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे काही वारली गेले. मग २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावात किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्यासह वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठ, लग्नगडी बंद, असा निर्धार झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड हुतात्मा झाले. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक याच लढ्याचं आहे.

वारल्यांनी वेठ मोडली तरी जिल्ह्याच्या या बाजूचा कातकरी मोकळा झाला नव्हता. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी आधी विधायक संसद ही संस्था काढली, आणि १९८२ मध्ये वसई तालुक्यातल्या दहिसर गावच्या वेठबिगारांच्या प्रश्नातून श्रमजीवी संघटना उभी राहिली. कायदा तेव्हा सहा वर्षांचा होता. वेठबिगार निर्मूलनाचा १९७६ चा कायदा नीट वाचला तर अंगावर काटा येतो, इतका तो गरिबाच्या बाजूचा आहे. कर्ज कायद्याने रद्द. कर्ज बंधक नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर, मजुरावर नाही. मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद. आणि जिल्ह्यात, उपविभागात दक्षता समित्या, ज्यांत अनुसूचित जाती-जमातीचे तीन सदस्य असलेच पाहिजेत. सतरंजीवर कोणी बसायचं हे कायद्यानेच लिहून ठेवलेलं.

पण कायदा लागू व्हायला आधी कुणीतरी 'मी बांधलेला आहे' असं अधिकाऱ्यापुढे म्हणावं लागतं. मालक ओट्यावर बसलेला आणि आपण अंगणात उकिडवे, अशा जागी हे वाक्य तोंडातून निघत नाही. संघटनेचं खरं काम इथलं. आधी वाडीवर रात्रीच्या बैठका, एकाचं ऐकून दुसऱ्याचं धाडस, मग दहा-वीस जणांनी मिळून तहसील कचेरीत जाणं, जबाब होईपर्यंत तिथून न हलणं. जबाबानंतर मुक्तीचं प्रमाणपत्र. एका कागदावर सरकारी शिक्का, खाली सही, आणि वर त्या माणसाचं पूर्ण नाव; बापाच्या नावासकट. ज्याला आयुष्यभर 'ए कातोडी' म्हणून हाक मारली त्याला सरकारने पूर्ण नावाने ओळखल्याचा तो कागद. १९९९ मध्ये विवेक पंडितांना या कामासाठी लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा पुरस्कार मिळाला.

याच कामातून निघालेली एक लहान गोष्ट मला फार मोलाची वाटते. पावसाळा संपला की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, मुलंही जातात, गावच्या शाळेच्या पटावर त्यांची नावं नुसती राहतात. भट्टीवर जी तात्पुरती खोपटी बांधतात तिला भोंगा म्हणतात. विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भट्टीवरच शाळा सुरू केल्या आणि त्यांचं नाव ठेवलं भोंगा शाळा. मूल शाळेत येत नाही म्हणून शाळाच भोंग्यापाशी गेली. 'गळती' हा शब्द शिक्षण खातं मुलाच्या नावाने लावतं. भोंगा शाळेने तो शाळेच्या नावाने लावला.

आता पुन्हा शेलारच्या शेडकडे येऊ. मागकामगारांना मोहल्ल्यात नाव नाही, मतदारयादीत नाव नाही, आणि वेठबिगारीचा कायदा त्यांना लागत नाही असं समजून सगळे मोकळे होतात. वास्तविक, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हेही वेठच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे. उचल घेऊन आलेला मजूर भिवंडीच्या परिसरात नवलाचा नाही. पण त्याची वाडी नाही. रात्री बैठक घ्यावी तर निम्मे रात्रपाळीला.

२०२० च्या टाळेबंदीत हे उघडं पडलं. माग थांबले त्या दिवशी मीटर थांबला, म्हणजे पैसे थांबले. माणसं मुंबई-नाशिक रस्त्याने चालू लागली. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरची श्रमिक गाडी सुटली, महाराष्ट्रातून सुटलेल्या पहिल्या गाड्यांपैकी ती एक. त्याच उन्हाळ्यानंतर शहरात शांतीनगरच्या मक्का मशिदीत ऑक्सिजनचे सिलिंडर ठेवले गेले, कुठल्याही धर्माच्या रुग्णाला मोफत. ही सोय लोकांनी केली. मोहल्ला समितीची सवय कागदावरून गेली तरी हातातून पूर्ण गेली नव्हती, असं मी त्यावरून समजतो.

मग मागकामगारासाठी सतरंजी कुठे अंथरायची? माझं उत्तर बिसी हे आहे. भिवंडीत कामगारांच्या खानावळीला बिसी म्हणतात. महिन्याचे पैसे ठरलेले, दोन वेळचं जेवण, उधारी पगारापर्यंत. बऱ्याच बिसी बायका चालवतात, घरातच. कोण आजारी आहे, कोणाची मजुरी अडकली आहे, कोण न सांगता गावी गेला, कोणाचा हात मागात सापडला, हे मुकादमाआधी बिसीवालीला कळतं. एका खोलीत दोन पाळ्यांची माणसं आळीपाळीने झोपतात, दिवसपाळीचा उठला की त्याच गोधडीवर रात्रपाळीचा आडवा होतो. तेव्हा खोलीत राहतात किती, हे घरपट्टीच्या वहीत सापडणार नाही, तिच्या पोळ्यांच्या हिशेबात सापडेल. आणि बहुतेक वेळा तिचं स्वतःचं नाव इथल्या मतदारयादीत असतं.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी असं कायद्यात आहे. शेलारसारख्या गावात त्या सभेत विषय निघतो पाण्याचा, कारण तो नेहमी निघतो. पंचायत नळजोडण्या मोजते, घर क्रमांकानुसार. तिथे बिसीवाल्या बाईने उठून एवढंच सांगावं, की माझ्या घरी माणसं पाच आहेत आणि जेवायला चाळीस येतात, आणि ग्रामसेवकाने तो चाळीस आकडा इतिवृत्तात लिहून घ्यावा.